वाटणी न करता

थ्युबोरनच्या फेरीवर एकतीस वर्षं
मी डिझेल इंजिनाशेजारी उभा राहिलो.
त्यानं माझ्या कानांतून काय काय नेलं
ते कळलंच नाही.
नेलेल्या मालाची यादी
चोर कुठे ठेवून जातो?

आता गॅरेजात स्पीकर करतो.
एक चुंबक, एक कॉइल, कागदाचा एकच शंकू.
खर्जापासून झांजेच्या शेवटच्या किणकिणीपर्यंत
सगळं त्या एकट्यानं म्हणायचं.

थोर्किल म्हणतो, दोन घे ना,
एक जाड आवाजाला, एक बारीक,
मध्ये क्रॉसओव्हर टाक. जग असंच करतं.
करो.
गाणाऱ्या बाईच्या गळ्यात मधोमध बांध घालायचा,
अर्धी बाई या भावाच्या रानात, अर्धी त्या,
हे मला पाहवत नाही.
आमच्या बापाच्या जमिनीचं असंच झालं.
विहीर कुणाकडेच धड आली नाही.

पण एकट्यावर सगळं टाकलं की तो कुरकुरतो.
कागद हलका ठेवला, वरचे सूर चपळ,
आणि डबल बास दारातूनच परत.
जड केला, तर बास येऊन ऐसपैस बसतो,
झांज मात्र तापातून उठल्यासारखी.
कॉइलला तांबं की ॲल्युमिनियम?
कडेला रबर, की लाख पाजलेलं कापड?
हलणारं वजन चार ग्रॅम, की साडेचार?
अर्ध्या ग्रॅमपायी अख्खा नोव्हेंबर गेला.
बाहेर पश्चिमेचा वारा पत्रे बडवत होता.
त्याला काय, त्याला सगळे सूर फुकट.

शेवटी मोठ्या शंकूच्या पोटात
एक छोटा शंकू चिकटवला, फुलात फूल तसा,
बारीक आवाजांसाठी.
लावलं. ऐकलं. लोणी.
दोन दिवस स्वतःचीच पाठ थोपटत हिंडलो.

तिसऱ्या दिवशी शेजारची सिल्ये आली,
नऊ वर्षांची, सायकलचा पंप मागायला.
खुर्चीत बसली, म्हणाली,
"आयनार, यात कुणीतरी ताटलीवर काटा ओढतंय."
कुठे?
"आत्ता. आत्ता पण. ती बाई स म्हणते ना, तेव्हा."
मी कान नेऊन लावला.
माझ्यापुरतं तिथं
बर्फ पडून गेलेलं कुरण होतं.

मग रोज, शाळा सुटली की,
ती खुर्चीत, मी गुडघ्यांवर.
काटा आला की तिनं बोट वर करायचं.
नखं कापायच्या कात्रीनं
छोट्या शंकूची कड कातरली, नागमोडी केली.
बोट वर.
लाखेचा एक थेंब. बोट वर.
थेंब जास्त झाला, "आता बाई उशीत तोंड खुपसून गातेय."
तो शंकू फेकला, नवा केला.
मधली टोपी काढून
नासपतीच्या लाकडाचा गोळा बसवला, लेथवर घासून घासून.
मजुरी खारट लिकरिशच्या चार गोळ्या,
नंतर तिनं भाव सहावर नेला.

बाराव्या दिवशी बोट मांडीवरच राहिलं.

माझ्या कानाला कालच्यात आणि आजच्यात
तिळाएवढा फरक नव्हता.
वहीत लिहिलं: काटा गेला.
साक्षीदार, सिल्ये.

एका शंकूची आणखी एक खोड असते.
त्याचे बारीक सूर खोलीभर पांगत नाहीत,
टॉर्चच्या झोतासारखे सरळ येतात,
एका खुर्चीपुरतेच.
ती जागा मी टेपनं मोजून, खडूनं आखून
माझ्यासाठी ठेवली होती.

आता तिथं ती. पाय जमिनीला टेकत नाहीत.
मी बाजूला, लेथपाशी, पडेल ते झेलत.
अचानक बोट वर.
काय, काटा?
"नाही. गाण्याआधी ती ओठ उघडते ना,
त्याचा आवाज येतो. पण मान उंच केली तरच."

मी करवत शोधली
आणि स्टँडचे पाय
तिच्या कानाच्या उंचीवर आणायला घेतले.

पंप अजून खिळ्याला तसाच आहे.