गुरुवारची मोजणी

सोहारच्या आमच्या कॉलेजचं मैदान.
दोन हजार चारशे निळ्या खुर्च्या,
म्हणजे घेतल्या तेव्हा निळ्या.
समोरच्या बाजूला छप्पर नाही, तिकडच्या आता
नीळ संपत आलेल्या धुण्यासारख्या दिसतात.

माझ्या अंगठ्याखाली मोजणीचं यंत्र.
माणूस आत आला की एक टिक.
खेळाडू मोजायचे नाहीत, कर्मचारी मोजायचे नाहीत,
बाहेर जाऊन परत आलेला दुसऱ्यांदा मोजायचा नाही.
मगरीब झाली, दिवे लागले
आणि सगळ्यांत आधी पाखरं आली, झुंडीने, दिव्याला धडकत.
पाखरांबद्दल नियमात काही नाही.

एकोणीस.
त्यातले सहा पाहुण्या संघाच्या बसमधून उतरलेले,
दोघं फोन चार्ज करायला,
एक मुलगी गृहपाठ घेऊन, कारण इथे शांत असतं.

बाकीचे गुरुवारी आपापल्या गावी जातात.
जे राहतात ते हॉस्टेलात, इथून चारशे पावलांवर,
स्पेनमधली मॅच बघतात, एका फोनभोवती आठ-आठ डोकी.
त्यांचा जल्लोष मैदानावर ऐकू येतो,
भलत्याच वेळी.
आमचा याकूब गोलकिक मारायला चेंडू ठेवत असतो
आणि भिंतीपलीकडे दीडशे घसे फुटतात.

याकूबचे आजोबा दर सामन्याला येतात.
डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, हातात काठी, खिशात खजूर.
पहिल्या रांगेत बसतात आणि कान मैदानाकडे करतात.
"गोल?"
"नाही बाबा, तो दुसरीकडचा."
माझी अरबी बाजारहाटापुरती, पण एवढं जमतं.
"आज किती आलेत?"
"बरेच आलेत," मी म्हटलं.
ते थोडा वेळ ऐकत राहिले.
"मग बोलत का नाही कुणी?"

आमचे अण्णा पलूसकडच्या फडांत हलगी वाजवायचे.
तिथे तिकिटाचा हिशेब कधी जुळला नाही,
निम्मा गाव बाभळीवर.
काटे मोडून घेतील पण कुस्ती चुकवणार नाहीत.
पैलवान नुसता मांडीवर थाप मारायचा
आणि फांद्या हलायच्या.
मी कधी हलगीला हात लावला नाही.
मुलींनी लावायचा नसतो, असं होतं तेव्हा.

पण हाताला माहीत असतं बहुतेक.
समोर लोखंडी कठडा होता, दिवसभर तापलेला,
अजून कोमट.
मी यंत्र पर्समध्ये टाकलं
आणि बोटांनी सुरुवात केली. बारीक.
मग तळव्याने.
फोन चार्ज करणाऱ्या दोघांनी मान वर केली.
चहावाल्या रफिकुलने किटलीवर चमचा धरला, चुकला, पुन्हा धरला.
टीकाराम झाडू टेकून उभा होता,
त्याने झाडूचा दांडा पायरीवर आपटला, तालात नव्हे, पण जोरात.
गृहपाठवाली मुलगी कानांत काहीतरी घालून बसली. तिचंही बरोबर.

आजोबा हसले नाहीत, काही नाही.
काठी गुडघ्यांत धरून ताठ बसले,
आणि "या वलदऽ" अशी एक हाक दिली,
म्हातारी, चिरकलेली.
याकूबने मागे वळून बघितलं.
तेवढ्यात चेंडू आत गेला.

शून्य-दोन.
खेळाडू दिवे विझायच्या आत निघून गेले.

अहवालात प्रेक्षकसंख्येचा एक रकाना असतो.
डीन साहेबांना तिथे तीन आकडे हवे असतात.
मी एकोणीस लिहिले.
वर्षाअखेरीस बहुधा खुर्च्या काढतील, निम्म्या तरी.

टीकारामचा ओव्हरटाइम कचऱ्यावर ठरतो.
भरलेली एक पिशवी म्हणजे एक तास.
मागच्या महिन्यात दोनच तास झाले त्याचे.
तो प्रत्येक रांगेतून वाकून गेला, टॉर्च घेऊन,
जणू कुणाची अंगठी हरवलीय.
पहिल्या रांगेत खजुराच्या चार बिया मिळाल्या.
त्या त्याने मोठ्या काळ्या पिशवीत टाकल्या,
पिशवीत हवा भरली,
तोंड आवळून गाठ मारली
आणि माझ्याकडे बघितलं.

मी वहीत एक तास लिहिला.