थंडी खाल्लेला कांदा

रुझारने रॉटरडॅमहून आणले अकरा कांदे,
पायमोज्यांत गुंडाळून.
"थंडी खाल्ल्याबगर फुलाचे नाय," म्हणाला,
आणि परत बोटीवर गेला.

वेंगुर्ल्यात थंडी कुठली?
नातालीनने ते बंदरावरच्या बर्फाच्या फॅक्टरीत नेले,
बाहेरच्या खोलीत, सुरमईच्या क्रेटमागे.
चौदा आठवडे.
केळ्याचा घड जवळ येऊ द्यायचा नाही,
पिकत्या फळाच्या वासाने
कळी आतल्या आत मरते.

येता-जाता ती वखारीच्या पडक्या भिंतीशी थांबायची.
साडेतीनशे वर्षांमागे कुणा वलंदेजाने
मिरीच्या हिशोबाशेजारी
ठेवला असेल का असाच एक,
आणि श्रावणात चाचपला तेव्हा
बोटांना लागला असेल लगदा?

जानेवारीत लावले.
तांबडी माती, अर्धी वाळू, माठाचं गार पाणी.
दहा कुजले.
अकराव्याला मार्च लागताना फूल आलं,
वीतभरही नाही,
पिवळं, कडेला करपलेलं.
सकाळी उघडलं, दुपारी मान टाकली.
फोटो पाठवला. रुझार समुद्रात, रेंज नाही.

त्याच आठवड्यात गडग्यापलीकडे
कातळाच्या भेगेतून कोळकांद्याचा दांडा वर आला,
एकही पान नाही, नुसती फुलं.
ही वाट ती चाळीस वर्षं तुडवते आहे.
माठात उरलेलं पाणी तिने त्याच्या बुडाशी ओतलं,
मग वाटलं, ह्याला कधी कुणी दिलं होतं?

मे महिन्यात कुंडी उकरली.
कांदा लसणीच्या पाकळीएवढा उरलेला.
पदराला पुसला,
आणि फॅक्टरीच्या वाटेला लागली.