रात्रपाळी, चौदाशे नव्वद

बेकरीच्या डोक्यावर होतं आमचं रेडिओ स्टेशन.
जिना लाकडी, तेरा पायऱ्यांचा. सातवी करकरायची,
आणि माइक इतका कानाचा तिखट
की ती करकर गावभर ऐकू जायची.
म्हणून सातवी ओलांडून यायचं, असा नियम.
इंजिनिअर ऑर्विल स्कारनं तो दारावर खडूनं लिहिला
आणि सगळ्यात जास्त वेळा मोडला त्यानंच.

मी तेव्हा एकवीसची.
सुपीरियर सरोवराच्या काठावरचं गाव,
लोहखनिजाचा धक्का, तीन चर्चं, एक सिग्नल.
मॅनेजर म्हणाला, एल्विरा निस्कानेन? फार लांबलचक.
रात्री बारानंतर तू लिली.
मी म्हटलं, बरं.
पगाराच्या पाकिटावर एल्विराच होती.

पहिल्याच रात्री तबकडी उलटी लागली.
जाहीर केलं पोल्का,
वाजलं काहीतरी संथ, विधवेच्या स्वयंपाकघरासारखं.
फोन खणखणला. वाटलं, गेली नोकरी.
पलीकडे एक बाई होती: ‘राहू दे. रोज लाव, याच वेळेला.’
ठेवून दिला.
तेव्हापासून रोज दोन दहाला मी उलटी बाजू लावायचे,
वर म्हणायचे, माफ करा, चुकून लागली.
चार वर्षं चुकत होते.

तीनला फळ्यांच्या फटींतून वेलदोड्याचा वास यायचा.
आमच्या फिनिश लोकांचा पुल्ला, गोड, वेणी घातलेला.
खालचा रेइनो पहिला पाव बादलीत घालून दोरीनं वर पाठवायचा,
मी रिकाम्या बादलीतून त्याचं आवडतं गाणं
खाली पाठवायचे, म्हणजे चिठ्ठीवर नाव लिहून.
हरवलेली कुत्री, सापडलेले हातमोजे,
बर्फामुळे बंद शाळांची यादी,
हे सगळं पुल्ला चघळत वाचलेलं आहे मी,
आणि कुणी तक्रार केली नाही.

एका जानेवारीत, रविवारी, बेकरी बंद,
कुणीतरी फोन करून सांगितलं, आभाळ हिरवं झालंय.
मी सगळ्यात लांबडं गाणं लावलं
आणि स्वेटरवरच खाली धावले.
मागे दार लागलं. किल्ली वर.
आभाळ खरंच हिरवं होतं,
पण मला आठवतो तो फक्त वरून येणारा आवाज:
गाणं संपलं होतं, सुई शेवटच्या खाचेत
खर्र टक, खर्र टक.

नंतर कळलं, गाव जागं होऊन ते ऐकत बसलं होतं.
आधी आला ह्याल्मार, बर्फ लोटायचा ट्रक घेऊन.
मग खाणीतली दोघं, डबे हातात.
एक बाई, नाइटगाऊनवर पुरुषाचा कोट.
शेवटी ऑर्विल, किल्ली शोधत शोधत.
सगळे जिना चढलो. पायरी पाचदा करकरली.
त्या बाईच्या पायाखाली करकरली नाही.
वर येऊन तिनं सुई उचलली,
रॅकमधून एक तबकडी काढली, उलटी ठेवली.
‘दोन पंचवीस,’ म्हणाली, ‘उशीर झाला आज.’
आवाज मी ओळखला.
ऑर्विल दारात उभा होता, टोपी हातात धरून,
त्या खडूच्या अक्षरांकडे बघत.
मी काही विचारलं नाही.
काही गोष्टी विचारायच्या नसतात,
गाणं चालू असताना तर नाहीच.

आता चौदाशे नव्वदवर नुसती खरखर आहे.
मनोरा भंगारात गेला, त्याचा लाल दिवा
रेइनोच्या नातवाच्या गॅरेजमध्ये आहे म्हणतात.
मी अजून अंडी गाण्यांवर उकडते,
मऊ हवं तर एक, कडक हवं तर तीन.

मागच्या शरदात गेले होते तिथं.
वर आता दातांचा दवाखाना आहे.
जिना तोच, सातवी नवी, पक्की ठोकलेली.
पाय तरी उचललाच गेला, वरच्या आठवीवर.
काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, गुडघा दुखतो का हो?
मी म्हटलं, हो.