तिसरा सांधा

पंपाचा दांडा सत्तर सेंटिमीटरवर.
पाच वर्षांच्या खांद्याला तेवढाच झेपतो.
आठ वर्षांचं पोर जरासं वाकेल,
वाकू दे.

फट आठ मिलिमीटरहून मोठी असेल
तर पंचवीसहून लहान नको,
मधल्या मापात बोटं अडकतात.
नियमात तसं लिहिलंय.
लिहिणाऱ्याच्या घरी
कुणाचं तरी बोट अडकलं असणार,
नाहीतर इतकं नेमकं कोण लिहितं?

हार्लिंगनच्या गोदीमागे आमची शेड.
पहिला नमुना मी घरीच करते, न्हाणीघरात,
दुधाची कापलेली खोकी, सायकलच्या ट्यूबचे तुकडे,
आणि गुडघे ओले.
मग ते सगळं सीत्सेकडे जातं, लाकूड व्हायला.

सीत्से पूर्वी होड्या बांधायचा.
पाणी आत येऊ नये म्हणून चाळीस वर्षं झिजला,
आता पाणी बाहेर जाऊ नये म्हणून
सांध्यांत ताग ठोसतो.
म्हणतो, काम तेच, फक्त बाजू बदलली.

मे महिन्यात लार्चची पन्हळ उभी केली.
पंप, त्यापुढे पाणी वर चढवणारा मोठा स्क्रू,
दोन झडपा, एक चक्र, खाली वाळू.
शाळेतली अकरा पोरं बोलावली
पाणी जोखायला,
आमचं.

स्क्रूकडे कुणी फिरकलं नाही.
तीन आठवडे गेले होते त्या स्क्रूत.
मिन्नेनं तो एकदा फिरवला,
दूरच्या पाहुण्याला दारातूनच हात करावा तसा,
आणि निघून गेला.

सगळी कुठे, तर तिसऱ्या सांध्याखाली.
सांधा गळत होता.

फार्दाऊनं बूट काढून खाली धरला.
थेंबामागून थेंब,
मध्ये जरासा विचार करून.
नऊ जणं श्वास रोखून.
मग थेंब थांबले.
"पंप!" ती ओरडली, मागे न बघता,
आणि मागे, जिथून गळती दिसतच नाही,
मिन्ने दांड्याला लोंबकळला.
त्याला दिसत होती फक्त तिची पाठ.
पाठीवरून तो ओळखत होता
बूट कितपत भरला ते.

हे मी काढलेलं नव्हतं.
माझ्या कागदावर या दोघांमध्ये
एकही रेघ नव्हती.

सीत्से ताग आणि डांबर घेऊन उठला, कान लाल.
मी त्याची बाही धरली.
अशा माणसाला
गळू दे म्हणणं सोपं नाही.
दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

नगरपालिकेचा फोन आला:
बाई, कुठेतरी पाणी मुरतंय,
मीटर पळतोय.
म्हटलं, हो,
बुटात.

पण गळती नकाशावर दाखवायची कशी?
तिसऱ्या सांध्याशी मी एक टिंब काढलं.
इंजिनिअरनं विचारलं, व्यास?
साडेतीन, मी म्हटलं,
ठोकून दिलं.

ऑगस्टात फ्रानेकरला दुसरी पन्हळ बसली.
तिसऱ्या सांध्यावर साडेतीनचं भोक,
गोल, गुळगुळीत, मंजूर.
पोरांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.
ती पाचव्या फळीपाशी उकिडवी बसली होती,
जिथे उन्हानं लाकूड तडकलं होतं
आणि एक ओल,
अजून थेंबही न झालेली,
कडेकडेनं येत होती.

सीत्से त्यांच्यात जाऊन गुडघ्यांवर बसला.
बराच वेळ नुसता बघत.
मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली
आणि उलटी धरली.