माशीचे पंख

कॅनडा कॉर्नरच्या दवाखान्यात
डॉक्टर निफाडकरांनी केतकीच्या नाकावर
काळपट चष्मा ठेवला, पुढ्यात एक चित्र.
एवढी मोठी माशी, अंगावर लव, जाळीदार पंख.
म्हणाले, पंख चिमटीत धर बघू.
तिनं धरला.
कागदावर नखं घासल्याचा आवाज झाला.

मी म्हटलं, बरोबर धरला की,
पंख आहे तिथंच.
त्यांचं पेन थांबलं.
चष्मा माझ्याकडे सरकवत म्हणाले,
तुम्ही धरा.

बाकीच्यांना म्हणे तो पंख
कागदाच्या वर, हवेत दिसतो.
काही मुलं दचकून हात मागे घेतात.
मी छत्तीस वर्षांची.
माझी नखं कागदावर.

म्हणजे गोदाघाटाच्या पायऱ्या.
काळा दगड, त्याखाली काळाच दगड,
कड कुठे संपते ते मला
पाऊलच सांगायचं, तेही उशिरा.
आई पुढे, पिळलेली चादर खांद्यावर,
वळून ओरडायची, डोळे काय कपाळाला बांधलेत?
बांधलेले नव्हते गं.
एक राबत होता.
दुसरा नुसता उघडा,
दुकान उघडं ठेवून
गल्ल्यावर झोपलेल्या माणसासारखा.

म्हणजे लगोरी.
विलासदादानं फेकलेला चेंडू
लहान असायचा, लहान असायचा,
आणि एकदम नाकावर असायचा.
मधलं काही नसायचंच.

आणि सिन्नरहून बघायला आलेल्या त्या मंडळींपुढे
किटलीची धार
कपाच्या बोटभर अलीकडे पडली,
काकांच्या पांढऱ्या विजारीवर.
मुलगी धांदरट आहे, असा निरोप आला.
चहा मात्र छान होता, हेही कळवलं होतं.

मग माझं मी शिकत गेले.
पेला ठेवण्याआधी करंगळी पुढे जाते,
टेबल शोधून येते.
किटलीचं तोंड कपाच्या काठावर टेकवायचं,
मग ओतायचं.
द्वारकेला रस्ता ओलांडायचा तर
एखादी ठाम चालीची बाई हेरायची
आणि तिच्या पदराला पदर लागेल इतकं
मागून निघायचं.
अशा कितीतरी बायकांनी मला पलीकडे नेलं,
त्यांना पत्ताच नाही.

मलाही नव्हता.
मी ह्या सगळ्याला माझा स्वभाव समजत होते.

केतकीला पट्टी दिलीय, चांगल्या डोळ्यावर,
रोज सहा तास.
सात वर्षांची आहे, तिचा जागा होईल म्हणाले.
माझं विचारलं तर
डॉक्टर हसून चष्म्याची काच पुसत राहिले.
तुम्ही चांगल्या सराईत झालायत, म्हणाले.

पट्टी लावली की लेक माझी
भिंतीला भिंत म्हणून ओळखत नाही.
दाराच्या चौकटीला खांदा,
ताटातल्या भाताच्या शेजारी घास.
जिभेवर येतं, डोळे काय कपाळाला.
गिळते.
करंगळीची युक्ती सांगावी वाटते,
तीही गिळते.
माझ्या युक्त्या शिकली
तर तो डोळा कशाला उठेल?

काल संध्याकाळी तिला घाटावर नेलं.
दुतोंड्या मारुतीकडे मान वर करून म्हणाली,
दोन तोंडं म्हणजे डोळे चार.
ह्याला चेंडू बरोबर झेलता येत असेल.
मी म्हटलं, असेल बाई.
ऊन तिरपं होऊन पाण्याकडे निघालं होतं,
लोक भराभरा उतरत होते
बोलत, फोनवर, खाली न बघता,
जसं काही दगडच त्यांना हाताला धरून नेतोय.

तिसऱ्या पायरीवर केतकी थांबली.
पट्टीखालून घाम, एक पाय उचललेला.
आई, ही पायरी आहे की सावली?

मी पाहिलं.
डोळे बारीक करून, मान वाकडी करून
पुन्हा पाहिलं.
मला नाही माहीत, म्हटलं.

तिनं माझं बोट घट्ट धरलं.
दोघींनी एकदमच
पाय पुढे टाकला.