येतंय

परीक्षा रविवारी, रत्नागिरीत. आज मंगळवार.
निवती बंदरावर बर्फाच्या कारखान्यात रात्रीचा हिशोब माझ्याकडे,
म्हणजे किती लाद्या गेल्या, कुठल्या होडीला, उधार की रोख.
त्याच वहीच्या मागच्या पानावर मी जीभ काढलीय
पेन्सिलीने, उभी कापलेली,
वर टाळू, मागे पडजीभ, पुढे दात.
मालक पान उलटतात. म्हणतात,
"ह्यो खंयचो मासो?"

कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य.
घशातून निघालेली होडी
ओठांशी आली की बंदर सुटलं.
असं लक्षात ठेवते. पुस्तकात असं नाही.

पुस्तकात एका ओळीत आहे, की च दोन आहेत.
चहातला एक, चाकातला एक.
लिहिताना अक्षर एकच, तोंडात घरं दोन.
छत्तीस वर्षं मी दोन्ही बोलत आले
आणि मला पत्ता नव्हता.
रात्री अडीचला, कंप्रेसरच्या घरघरीत,
चहा, चाक, चहा, चाक,
तर रखवालदार कप घेऊन आला,
साखर कमी आहे म्हणाला, चालवून घ्या.

प्रश्न सव्वीस. मूल 'मला' न म्हणता 'माका' म्हणते. हा
(अ) उच्चारदोष
(ब) भाषाविलंब
(क) व्याकरणदोष
(ड) यांपैकी नाही.
चौथीत मी 'मला' शंभर वेळा लिहिलं होतं,
शिक्षा म्हणून, खांबकर बाईंच्या टेबलाशी उभी राहून.
ड वर खूण केली. पेन्सिलीचं टोक मोडलं.
आमचं अख्खं गाव ड.

दुर्वांक मेथर, वय सहा.
शब्द नाहीत.
इंजिन आहे, दोन सिलिंडरचं,
दोन्ही ओठ थरथरवत, वळणावर गिअर बदलून.
हा ध्वनी मराठीत नाही, असं पुस्तक म्हणतं.
मी नोंद केली. ओठांची ताकद, उत्तम.
नाकाखाली आरसा धरला, वाफ कुठून येते बघायला.
त्याने आरसा पुसला
आणि माझ्या नाकाखाली धरला.

त्याची आई सोडे सोलता सोलता, वर न बघता,
"बाय, बोलतलो मां तो?"
सराव परीक्षेत दीडशे प्रश्न सोडवले मी.
ह्याला पर्याय छापलेले नव्हते.
मी म्हटलं, आपण बघूया.
ती म्हणाली, भात खाऊन जा.

धडा अकरा. भाषेचा व्यवहारातला वापर.
'शब्दाचा अर्थ आणि बोलणाऱ्याचा हेतू यांत अंतर असू शकते.'
गुरुवारी पाठ केलं. शुक्रवारी पुसलं गेलं.
शनिवारी पुन्हा, मेथरांच्या पडवीत,
त्याचे ठोकळे उभे राहीपर्यंत.

मग कुडाळची गाडी गाठायची म्हणून उठले,
पिशवी खांद्याला लावली, म्हटलं,
"येतंय हां."

दुर्वांक उठला.
माझ्या खांद्यावरून पिशवी काढली, नीट, पट्टा न ओढता,
खुंटीला अडकवली.
बाहेर जाऊन माझ्या चपला आत आणल्या
आणि शेजारी बसला.
इंजिन बंद.

येतंय म्हटल्यावर माणूस येतो.
त्याचं बरोबर होतं. एवढ्या पिढ्या आम्हीच
जाताना उलटं बोलत आलो
आणि कुणी आमची चाचणी घेतली नाही.

गाडीचा हॉर्न वाजला, वरच्या वळणावर.
मी खाली बसले, त्याच्या उंचीला,
जे आमच्याकडे कुणी उंबऱ्यात म्हणत नाही ते म्हटलं.
"जातंय. सोमवारी येतंय."
आईचा हात सोड्यांच्या टोपलीत थांबला.
"असा म्हणा नको गो."

दुर्वांकने माझ्या तोंडाकडे बघितलं, ओठांकडे,
बराच वेळ.
पिशवी काढून दिली.
एक चप्पल माझ्यापुढे ठेवली.
दुसरी हातातच.