नरसाळं

डालड्याच्या डब्याचं नरसाळं होतं आमच्याकडं.
वर बऱ्यापैकी रुंद,
खालची चोच मात्र करंगळीहून बारीक.
बाबांनी ती मुद्दाम तशी डागली होती,
पंच्याण्णव साली, नव्या गाड्या आल्या तेव्हा.

नव्या गाडीच्या टाकीचं तोंड अरुंद.
साध्या पेट्रोलची नळी त्यात शिरायची नाही.
कंपनीनंच दार लहान करून ठेवलेलं,
शिसं आत येऊ नये म्हणून.
"पण घाटापलीकडं बिनशिशाचं मिळतंय कुठं?"
गुप्तेसाहेब झेनच्या टपावर बोटं वाजवत विचारायचे.
त्यांना शनिवारी कराड गाठायचं असायचं.
बाबा नरसाळं वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे,
भाडं वीस रुपये.
"परत आलात की इथलं भरा टाकीभर,
म्हणजे पातळ होईल.
मिसळलेलं वेगळं होत नाही साहेब,
पातळच होतं फक्त."

गाडीच्या पोटाखाली एक पोळं असतं, बाबा सांगायचे,
धूर गाळणारं.
शिसं बसलं की त्याची घरं बुजतात.
बाहेरून काही कळत नाही.
गाडी पळत राहते.

इब्राहिम चाऊसचं उलटं.
त्याच्या फियाटला शिसं हवंच होतं,
व्हॉल्व्हखाली उशी लागते म्हणायचा, म्हातारीला.
साधं पेट्रोल बंद झालं त्या वर्षी
सलढाणाच्या गॅरेजमागं एक पिंप उरलं होतं,
शिवडीत, कोळसा बंदराच्या वाटेवर.
बाबा त्यातलं दोन बाटल्या, नव्यातलं तीन,
असं काहीतरी करून द्यायचे.
पुरणाला गूळ किती, हे कुणी मोजतं का?
नारिंगी रंग फिकटत जायचा,
पाहुणे वाढल्यावर सरबत होतं तसा.

पिंपातून काढायचं तोंडानं.
नळीचं एक टोक आत, एक ओठांत,
श्वास ओढायचा
आणि चव यायच्या आत नळी सोडायची.
बाबांना ते कधी जमलं नाही.
मला तर आठव्या वर्षी काय जमणार.
गोडसर लागतं.
हे कुणी सांगत नाही.

मोहितेबाईंनी आईला शाळेत बोलावलं:
मुलगी मंद नाही हो, पण जड आहे,
प्रश्न विचारला की उशिरानं वर येते.

आजोबा सांगायचे, शिसं वितळवून कानात ओतायचे,
आपल्यातल्या कुणी मंत्र ऐकला तर.
बाबा एकदा चूळ भरताना मध्येच हसले,
भिंतीला हात टेकून खूप वेळ हसले:
"आता कानापर्यंत जायची गरज नाही, आबा.
आता तोंडातूनच.
आणि वर पगार."

दोन हजार नऊला त्यांचे हात थरथरायला लागले.
चहा बशीत, बशीतून लुंगीवर.
दारू सोडा, केरू भालशंकर,
डॉक्टर कागदावरून मान न उचलता म्हणाले.
बाबा दारू पीत नव्हते.
ते म्हणाले, बरं.
मीही शेजारी उभी होते
आणि मलाही जे सुचायचं ते उशिरा सुचलं,
बसमध्ये, लालबागच्या पुलावर.

आता कशानं काय झालं ते कुणी सांगू शकत नाही.
वेगळं होत नाही.

नरसाळं माळ्यावर आहे.
गोडेतेल ओतायला मी ते घेतलं नाही,
भंगारवाल्याला देतानाही हात मागं आला.
त्याच्या पोटात दुसऱ्या कुणाचं तरी तेल जाईल.

माझी ऋतिका गणितं सोडवते.
शिसपेन्सिल म्हणू नकोस गं, तिनं मला शिकवलंय,
आत शिसं नसतंच, ग्राफाइट असतं,
नाव तेवढं राहिलंय.
उत्तर अडलं की पेन्सिलीचं टोक दातांत धरते.

काढ आधी तोंडातून.
माझा आवाज एवढा मोठा कसा निघाला
मलाच कळत नाही.
थुंक. चूळ भर.

ती पेन्सिल हातात धरून बघत राहते.
अगं पण आई,
नाहीये ना त्यात.